फेऱ्या धावून शाळेत मदतनिधी गोळा करायचाय, नियोजन कसं करावं?

नववी_ब_सोलापूर
नमस्कार. आमच्या शाळेजवळ कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या ४० मुलांच्या श्रवणयंत्रांना सतत बॅटऱ्या लागतात. त्यासाठी ₹२५,००० जमवायचे ठरलंय. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार आहे. विचार असा की पाचवी ते नववीच्या मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि नातेवाईक-शेजाऱ्यांनी दर फेरीमागे ठरलेली रक्कम द्यायची. मैदान मुरमाचं, फार मोठं नाही. वार्षिक परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये घेऊ म्हणतोय. सोबत लकी ड्रॉ आणि खाण्याचे स्टॉल ठेवायचेत. दोन गोष्टी कळत नाहीत: फेऱ्या मोजायच्या कशा, आणि पैशाचा हिशेब कुणी ठेवायचा? वर्गात "एवढं सगळं होतंय का बे?" असं विचारणारेच जास्त आहेत.

मैदानावरचे_सर
होतंय. पण एप्रिल डोक्यातून काढा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच मुरूम तापलेला असतो. डिसेंबर घ्या. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत निम्मं गाव होम मैदानाकडे असतं, आणि त्यानंतर दहावीच्या प्रात्यक्षिकांची गडबड सुरू होते. डिसेंबरातला एखादा शनिवार धरा, शाळा तशीही सकाळची असते. आणि तोंडी होकारावर थांबू नका. तारीख, वेळ, पैसे कुणाला जाणार आणि जबाबदार शिक्षक कोण, एवढं लिहिलेल्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही घ्या. पालक-शिक्षक संघालाही त्याची एक प्रत द्या.

आता आखणी. ३० मीटर बाय २० मीटरचा आयत आखा, परिमिती बरोबर १०० मीटर. म्हणजे दहा फेऱ्यांचा एक किलोमीटर, हिशेब तोंडी होतो. रेघ फक्कीने मारा, अर्धं पोतं पुरतं. घराला लावायचा चुना अजिबात वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. चारही कोपऱ्यांवर वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यावर दहावीचा एक मुलगा उभा करा. कोपरा कापला की फेरीमागे दोन-तीन मीटर वाचतात, हे पाचवीतल्या पोरांना पहिल्या मिनिटालाच कळतं. डावा हात आतल्या बाजूला राहील असं पळवा. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा, नाहीतर तिसऱ्या गटापर्यंत धुरळा नाकात जातो. नळाला पाणी रोज नसतं, तेव्हा बोअरचं किंवा टँकरचं आधी बोलून ठेवा.

एका वेळी २५ मुलं, २० मिनिटं धावणं आणि १० मिनिटं गट बदलायला. सव्वासातला सुरू केलं तर सहा गट, म्हणजे १५० मुलं सव्वादहापर्यंत होतात. चालत-धावत एका मुलाच्या २० ते २५ फेऱ्या होतात. जास्त फेऱ्यांच्या नादात वेळ वाढवू नका. बक्षीसही ठेवू नका. एकदा शर्यत झाली की सावकाश पळणारी मुलं बाहेर बसतात आणि त्यांच्या कार्डावरचे पैसे बुडतात.

मोजणी हाच यातला खरा घोळ. २५ मुलं ५० सेकंदांत एक फेरी मारतात, म्हणजे रेघेवरून दर दोन सेकंदांना एक मूल जातं. एका माणसाला ते मोजणं शक्यच नाही. गटाचे पाच रंग करा, एका रंगात पाच मुलं. दंडाला बांधायला टॉवेलच्या कारखान्यातल्या रंगीत चिंध्या चालतील, आपल्याकडे त्याला तोटा नाही. एका रंगाला एक मोजणारा, त्याच्या पुठ्ठ्यावर पाच नावं. दर फेरीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. दर फेरीला मुलाच्या मनगटात एक रबर बँड घालायची युक्ती लोक सांगतात, पण वीस बँड मनगटात गेले की हात आवळतो, आणि लहान मुलं ते एकमेकांना वाटतात. मोजणाऱ्यांना आयताच्या आत बसवा. बाहेर बसवलं की पालक मोबाइल घेऊन त्यांच्या पुढ्यात उभे राहतात.

जमाखर्च
सरांनी मैदान सांगितलं, मी पैशाचं सांगते. पैसे "नववी ब" च्या नावाने गोळा करू नका. ज्या नोंदणीकृत संस्थेची ती निवासी शाळा आहे, तिच्या नावाने आणि तिच्या लेखी संमतीने करा. तिच्याकडूनच क्रमांक छापलेली पावतीपुस्तकं घ्या. कुणाला देणगीवर आयकरात सवलत (८०जी) हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता आहे का, हे आधी विचारा. मान्यता असली तरी ₹२,००० च्या वरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकने किंवा थेट बँकेत द्यायला सांगा.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. सरांचा किंवा कुणाच्या आईचा अजिबात नको, नंतर कुठले पैसे कुणाचे हे सुटता सुटत नाही. पैसे पाठवताना शेऱ्यात मुलाच्या कार्डाचा क्रमांक टाकायला सांगा. स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक उतरवून घ्या आणि संस्थेच्या खातेउताऱ्याशी जुळल्यावरच "जमा" लिहा.

कार्डावर सहा रकाने पुरेत: देणाऱ्याचं नाव, दर फेरी, कमाल रक्कम, एकरकमी, मिळाले, पावती क्रमांक. यातला "कमाल" विसरलात तर भांडण ठरलेलं. काका हौसेने दर फेरी ₹१० लिहितात, पोरगा ३० फेऱ्या मारून येतो, आणि ₹३०० ऐकल्यावर काका पुढच्या गल्लीने जायला लागतात. "दर फेरी ₹३, जास्तीत जास्त ₹७५" असं लिहिलं की दोघंही निश्चिंत.

आता आकडे. एका मुलाला तीन देणारे मिळाले, ₹२, ₹३ आणि ₹५ चे, तर फेरीमागे ₹१० होतात. २० फेऱ्यांचे ₹२००. १५० मुलांचे ₹३०,०००. पण कार्डावर लिहिलेले सगळे हातात येत नाहीत, हिशेबात पाऊणच धरा: ₹२२,५००. तुमच्या आकड्याला अडीच हजार कमी पडतात, ते एकरकमी देणाऱ्यांकडून काढा. वसुलीला आठ दिवसांची मुदत द्या. तीन आठवड्यांनी मागायला गेलात तर लोकांना फेऱ्याही आठवत नाहीत आणि तुम्हीही.

रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. नोटांचा तक्ता (५०० × किती, १०० × किती, सुटे किती) लिहून दोघांनी सह्या करायच्या आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरणा. डब्यातून वडापावला पन्नास काढायचे नाहीत, "नंतर टाकतो" म्हणूनसुद्धा नाही. खर्च वेगळा दाखवा.

लकी ड्रॉ रद्द करा. तिकीट विकून सोडत काढणं म्हणजे लॉटरी, परवानगीशिवाय ती गुन्ह्यात मोडते. अनोळखी घरांची बेलही वाजवायची नाही. नातेवाईक, शेजारी, वडिलांच्या कामावरची माणसं, बस. आणि कुणी किती आणले याची यादी फळ्यावर लावू नका. ज्याच्या घरी यंत्रमाग आठवड्यातून तीन दिवस बंद असतो, त्या पोराने रिकामं कार्ड आणलं तरी त्याला धावू द्यायचं.

खोखोवाली_ताई
फेऱ्या ठीक आहेत, पण बघणाऱ्याला दहाव्या मिनिटाला जांभई येते. शेवटी एक खो-खोचा सामना ठेवा, शिक्षक विरुद्ध दहावी. लोक थांबतात आणि एकरकमी देणारे तिथेच मिळतात. मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळी जागा, म्हणजे ३० बाय १९. सरांच्या आयतात नेमकं बसतं. फक्त फेऱ्या पूर्ण संपल्यावर घ्या, मोजणाऱ्यांच्या अंगावरून नको. डाव नऊ मिनिटांचा असतो, शिक्षकांसाठी पाच करा. दया म्हणून नाही, गुडघे म्हणून. मुरमावर सूर मारायला बंदी घाला, कोपरं सोलतात.

रस्सीखेच सुचवणारे भेटतील. घ्यायचीच तर नायलॉनचा दोर नको. तो ताणून तुटला की चाबकासारखा उलटतो. जाड काथ्याचा दोर घ्या, आणि हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही हे आधी बजावा.

मैदानावरचे_सर
खो-खोचं मान्य, बघणारे त्यानेच थांबतील. रस्सीखेच मात्र मी घेणार नाही, १५० पोरांना आवरायला तेवढे शिक्षक नसतात.

पाण्याचं राहिलं होतं. मुलं आणि स्वयंसेवक मिळून १८०, माणशी अर्धा लिटर, म्हणजे ९० लिटर. वीस लिटरचे सहा जार सांगा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. घाईत अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकतात, ते जास्त खारट द्रावण अपाय करतं. धावण्याआधी पोहे-उपमा भरपेट नको, अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं पुरे. पालकांच्या संमतीपत्रात दमा, फिट, हृदयाचा त्रास असं स्पष्ट विचारा. नुसतं "तब्येत ठीक आहे का?" विचारलं की सगळे "हो" लिहितात. इनहेलर दप्तरात नको, मोजणाऱ्याच्या टेबलावर नावाची चिठ्ठी लावून ठेवा. बर्फ, क्रेप बँडेज जवळ हवं, आणि १०८ ची गाडी आत येईल एवढं फाटक मोकळं. सायकली तिथेच लावतात सगळे.

नववी_ब_सोलापूर
धन्यवाद सर, ताई. लकी ड्रॉ रद्द. स्टॉल ठेवावा का? शेंगाचटणी-भाकरी म्हणतायत मुलं. आणि बॅटऱ्या वर्षभराच्या एकदम घ्याव्यात का?

जमाखर्च
भाकरीचा स्टॉल नको. सामानाला आधी पैसे घालावे लागतात, उरलेली भाकरी परत कुणी घेत नाही, आणि सहा मुलं दिवसभर तिथेच अडकतात. लिंबू सरबत ठेवा, पण जारच्या पाण्याचंच.

बॅटऱ्या एकदम भरून ठेवू नका. श्रवणयंत्राच्या या बॅटऱ्या हवेवर चालतात. मागची चिकटपट्टी काढली की वापरा न वापरा, उतरायला लागतात. पट्टी न काढताही पाकिटावरची मुदत असतेच. आकारही वेगवेगळे: १३ नंबरची पट्टी केशरी, ६७५ ची निळी, ३१२ ची तपकिरी. चुकीची आणलीत तर खणात बसणारच नाही. कुणाला कुठली लागते ती यादी तिथल्या शिक्षकांकडून घ्या, तीन महिन्यांच्या घ्या, बाकीचे पैसे संस्थेच्या खात्यातच "बॅटरीसाठी" म्हणून राहू द्या आणि बिलांच्या प्रती मागा. देतानाच्या फोटोत तिथल्या मुलांना उभं करू नका.

मैदानावरचे_सर
आणखी एक. मोजणाऱ्यांची तालीम आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत घ्या. पाच मुलं पळवा, एकाच रंगाला दोन मोजणारे बसवा आणि दोघांचे आकडे ताडून बघा. फरक आला तर त्या जागी दुसरा बसवा. बोलका मुलगा तिथे ठेवू नका, त्याला माइक द्या. म्हणजे भोंगा नव्हे, हातातला छोटा. शेजारी लोक झोपलेले असतात.