गोळ्यांचा दिवस : एआरटी सेंटरच्या रांगेतले अनुभव

गावं वेगळी, वयं वेगळी, पण एक दिवस आपला एचआयव्हीवाल्यांचा सगळ्यांचा सारखा असतो: एआरटी सेंटरवर, म्हणजे सरकारी एचआयव्ही उपचार केंद्रावर, गोळ्या आणायचा. ऑफिसात "दाताच्या डॉक्टरकडे जायचंय" असं सांगून सुटी काढलेली असते. घरी "बँकेत काम आहे" म्हणून निघायचं. पिशवीच्या तळाशी उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सेंटरच्या दारात शिरण्याआधी एकदा मागे वळून बघायचं, ओळखीचं कुणी नाही ना. आणि आत गेलं की ओळखीचे चेहरेच चेहरे.

मी २००६ पासून गोळ्या घेतो. मला घरच्यांनी सांभाळलं, डॉक्टरांनी सांभाळलं. पण हा आजार घेऊन जगायचं कसं हे मला त्या रांगेनं शिकवलं. म्हणून हा धागा. तुमचा गोळ्यांचा दिवस लिहा. पहिला, वाईट गेलेला, चांगला गेलेला, कुठलाही. खरं नाव, गाव, सेंटर, डॉक्टर यांचा उल्लेख नको. महाराष्ट्रात आपण सुमारे चार लाख माणसं आहोत. त्यातल्या दहा जणांनी लिहिलं तरी पुष्कळ झालं.

माणदेशी

(आई सांगतेय, मी तिची मुलगी टाइप करतेय. तिच्या बोलीतच ठेवलंय.)

मालक ट्रकवर. मुंबई-बंगलोर लाइन. २००२ च्या दिवाळीत गेले. तवा गोळ्या व्हत्या, पर इकत. दोन म्हैने घेतल्या, मग म्हस इकली, आणि दोन म्हैने घेतल्या, मग इकायला काय ऱ्हायलं न्हाई. पुढं दीड वरसानं, २००४ च्या एप्रिलात, सरकारनं गोळ्या फुकट सुरू केल्या. मुंबईला जे.जे.त पयल्यांदा. आमच्याकडं कळायला आणखी वरीस गेलं. दीड वरीस! मी अजून ते बोटावर मोजती.

माझा सीडीफोर, म्हंजी रगतातली आजाराशी लढायची ताकद मोजत्यात त्यो आकडा, लई खाली, ६१ निघाला. वजन ३४. सकाळची साडेपाचची एसटी धरायची, दोन गाड्या बदलायच्या, तवा धाच्या आत नंबर लागायचा. पयल्या दिशी रांगंत मी भिताडाकडं तोंड करून हुबी. मागनं एक बाई म्हणली, "भिताड काय बोलायचं न्हाई, हिकडं बघ." मिरजेकडची व्हती. तिनं फडक्यातली भाकरी मोडून निम्मी माझ्या हातावर ठिवली. माझ्या जावंनं माझं ताट येगळं केलं व्हतं तवाची ही गोष्ट. दुसऱ्याच्या हातची भाकरी मी आठ म्हैन्यांनी खाल्ली.

गोळी दोन टायमाला, बरोबर बारा तासांनी. घरात घड्याळ बंद पडल्यालं. तिनंच शिकवलं, रेडिओवर सकाळी मराठी बातम्या लागल्या की एक घ्यायची, सांच्याला बातम्या लागल्या की दुसरी. बातम्या काय हाईत ते मी कवा ऐकलं न्हाई. बाई बोलायला लागली की मी पाणी घ्यायची.

त्या जुन्या गोळीनं जीव वाचवला पर गाल खाल्लं. तोंड पार बसलं, हातापायाच्या शिरा वर आल्या, पायाला रातभर मुंग्या. गावात तोंडावरनं वळखायला लागले. लगीनकार्यात मी बसंना झाली. डॉक्टर म्हणले गोळी बदलू. बदलली, मुंग्या कमी झाल्या, गाल मातर काय परत आलं न्हाईत.

मिरजेची बाई २०११ ला गेली. टीबी डोक्यात चढला. तिचा नंबर माझ्या आधी असायचा. अजून कुणी त्यो नंबर पुकारला की मी हुबी ऱ्हाती.

(आई इथे थांबली. आता तिला रोज एकच गोळी आहे, आणि तीन महिन्यांच्या एकदम मिळतात. जुनी गोळी स्टॅव्ह्युडीनची होती, २०१२ च्या सुमारास ती आपल्याकडे हळूहळू बंद झाली. माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. हे लिहायचं नव्हतं, पण लोक लगेच तेच विचारतात.)

रात्रपाळी

मी जन्मापासूनचा. २००१ चा. आई-वडील दोघेही आठवत नाहीत. हासेगावचं सेवालय, पंढरपूरची पालवी, पुण्याचं मानव्य, नगरचं स्नेहालय, बीडचं इन्फंट इंडिया, अशा ठिकाणी आमची एक अख्खी पिढी वाढली. मी अशाच एका छपराखाली मोठा झालो, कुठलं ते सांगत नाही.

लहानपणी गोळ्यांचा दिवस म्हणजे सहल. टेंपोत बसून वीस-बावीस पोरं जिल्ह्याला जायचो. वजन केलं की गोळ्यांचं माप ठरायचं, त्यामुळे कुणाचं वजन किती वाढलं यावर आमच्या पैजा. पाण्यात विरघळणारी गोळी असायची, चव कडू. आमचे सर त्यावर गुळाचा खडा द्यायचे. गोळ्या कशासाठी हे तेराव्या वर्षी कळलं. सर मला शेताच्या बांधावर घेऊन गेले आणि सांगितलं. मी विचारलं, बाकीच्यांना पण आहे का? ते म्हणाले, सगळ्यांना. मला त्या वेळी बरं वाटलं, हे आता लिहिताना चमत्कारिक वाटतंय, पण खरंच बरं वाटलं.

मोठेपणी एफाव्हिरेंझवाली गोळी आली. रात्री झोपताना घ्यायची. ज्यांनी घेतलीय त्यांना ती स्वप्नं माहीत असतील, इतकी स्पष्ट की सकाळी कुणाशी खरं बोललो आणि कुणाशी स्वप्नात, हे आठवून बघावं लागायचं. मी रात्रपाळी करतो, चक्कर यायची. डोल्युटेग्राव्हिरवाली आल्यापासून तो त्रास नाही.

आता प्रश्न वेगळा आहे. एक मुलगी आहे. दीड वर्ष झालं. मी डबीवरचं लेबल खरवडून काढतो, गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, चार वर्षांपासून तपासणीत सापडत नाही. लग्नाचं ती बोलायला लागलीय. तिला कसं सांगू? वाक्य कुठून सुरू करू?

समुपदेशक

रात्रपाळी, तुमच्यासाठीच लिहिते. मी एका सेंटरवर काउन्सिलर आहे, स्वतः पॉझिटिव्ह नाही, चालत असेल तर राहू दे.

तुमचं वाक्य व्हायरल लोडपासून सुरू करू नका. आकडा पहिल्यांदा सांगितला की समोरच्याला फक्त 'व्हायरस' ऐकू येतो. आधी आजार सांगा, मग गोळी, मग थांबा. ती रडेल, चिडेल, उठून जाईल कदाचित. दुसऱ्या भेटीत तिला आमच्याकडे घेऊन या. मी असे खूप जण बसवलेत समोर. युरोपातल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासाचे निकाल २०१६ आणि २०१९ मध्ये आले: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी शेकडो जोडपी, पॉझिटिव्ह जोडीदाराचा लोड दबलेला, निरोध न वापरता संबंध, आणि त्या जोडीदाराकडून लागण झालेली एकही केस नाही. शून्य. हा शून्य मी कागदावर मोठा काढून दाखवते. (बाळाला अंगावर पाजण्याला हे जसंच्या तसं लागू नाही, तिथे वेगळा सल्ला असतो. हेही सांगते.)

पण लग्नाआधी सांगायचंच. लोड सापडत नसला तरी. हे माझं ठाम मत आहे. ज्या घरात नंतर कळलं, त्या घरात आजारापेक्षा लपवल्याची जखम खोल गेलेली मी पाहिली आहे.

माझा चांगला दिवस सांगते. एक बाई, गरोदरपणात कळलं, तिसऱ्या महिन्यात. एकही गोळी चुकवली नाही. बाळाला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरॅपिनचं सिरप. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कार्डावर रक्ताचे थेंब घेतले, मग सहाव्या महिन्यात, मग बाराव्या. प्रत्येक निकालापर्यंत तिची झोप जायची. अठराव्या महिन्याची शेवटची टेस्ट निगेटिव्ह आली त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. पोराला माझ्या टेबलावर बसवलं, वेटिंगमध्ये गेली आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत सुटली. कुणी विचारलं नाही कशाबद्दल. तिथल्या सगळ्यांना कळलं होतं.

कोकणातला

मी कुवेतला नऊ वर्षं होतो. परवाना नव्याने करताना मेडिकल असतं. दोन दिवसांनी फोन आला, परत रक्त द्या. मग खोलीवर माणसं आली. सामान भरायला वेळ दिला तोही थोडा. कारण कुणी सांगितलं नाही, समुपदेशन वगैरे शब्दही ऐकला नाही. विमानात बसल्यावर शेजाऱ्याने विचारलं, सुट्टीवर का? मी हो म्हटलं.

आखाती देशांत पॉझिटिव्ह निघालेल्या परदेशी कामगाराला परत पाठवतात. तिकडे जाणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

घरी सांगितलं कंपनी बंद पडली. दोन वर्षं मी सेंटरला गेलो नाही. गेलो तेव्हा खोकत गेलो. टीबीचं औषध आधी, मग ह्या गोळ्या. सेंटरवर संस्थेतर्फे येणारा एक माणूस होता, स्वतः पॉझिटिव्ह. तो म्हणाला, "दोन वर्षं तू कुणाला शिक्षा दिलीस?" मला उत्तर आलं नाही. आता बायकोला माहीत आहे. तिची टेस्ट निगेटिव्ह. आंब्याच्या दिवसांत सेंटरला एक पेटी जाते आमची.

सहावा मजला

मुंबई. समलिंगी. दोन गोष्टी लपवण्याची सवय असलेला माणूस. सप्टेंबर २०१८ मी विसरणार नाही. ६ तारखेला कलम ३७७ चा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि १० तारखेला एचआयव्ही कायदा लागू झाला. पहिल्या बातमीला आम्ही नाचलो. दुसरी मला कुणी सांगितलीच नाही, दोन वर्षांनी कळली, तीही गरज पडली म्हणून.

एका खासगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन होतं. रिपोर्ट आल्यावर तारीख पुढे, मग पुढे, मग "आमच्याकडे सोय नाही". फाइलवर लाल पेनने मोठं लिहिलेलं, वॉर्डबॉयलाही दिसेल असं. समलिंगींसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टच्या एका मित्राने तोच एचआयव्ही कायदा, २०१७ चा, दाखवला. उपचार नाकारता येत नाहीत, संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, वीस किंवा जास्त लोक काम करतात त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. मी अर्ज लिहिला. हात थरथरत होता. ऑपरेशन तिथेच झालं. तुम्हीही लिहा, अर्ज लिहा, नुसतं ऐकून घेऊ नका.

ऊसपट्टा

२०२२ च्या पावसाळ्यात तीस दिवसांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, आठवतंय का कुणाला? दहा दिवसांनी पुन्हा मजुरी बुडवून जायचं. एकीला शेवटच्या चार गोळ्या मी दिल्या, तिच्या गाडीला उशीर झाला होता. दिल्लीत आपली माणसं नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिससमोर महिनाभराहून जास्त बसली होती. मी जाऊ शकले नाही. ती बसली म्हणून आपल्या डब्या भरल्या असं मी मानते.

एक विचारायचं होतं. वर्षातून दोनदा घ्यायची लस आलीय म्हणतात. मग ह्या गोळ्या बंद होणार का?

(धागा सुरू करणारा)

ऊसपट्टा ताई, ती लस नाही, औषधच आहे, लेनाकापाव्हिर नावाचं. सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली इंजेक्शन. ज्यांना लागण झालेली नाही त्यांना ती होऊ नये म्हणून. २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या मुली-बायकांना ते दिलं त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत आपल्या पुण्याची एम्क्युअरही आहे. पण आपल्या रोजच्या गोळीच्या जागी ते इंजेक्शन एकटं चालणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून गोळी थांबवू नका. हे मी हात जोडून लिहितोय, कारण मागे एका बुवाच्या काढ्यासाठी गोळ्या सोडलेले दोन मित्र मी गमावले आहेत.

(नाव नाही)

सगळं वाचलं. काल रिपोर्ट आला. तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं म्हणाल्या, तिन्हीवर पॉझिटिव्ह. वय २६. घरी कुणाला माहीत नाही. बुधवारी सेंटरला बोलावलंय. काय न्यायचं असतं? किती वेळ लागतो? रडू आलं तर कुठे जायचं?

समुपदेशक

आधारकार्ड, दोन फोटो, रिपोर्ट. आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या. खाऊन या, रक्त देणार आहात, उपाशी चक्कर येते. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, हे विचारतील. खरं सांगा, ते टीबीसाठी असतं. गोळी लवकरात लवकर सुरू होते, सीडीफोर कमी होण्याची वाट आता बघत नाहीत. पहिल्या दिवशी अर्धा दिवस जातो. त्याआधी रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १०९७ या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

रडायला माझी खोली आहे. दार लागतं आतून.

माणदेशी

(आईने आत्ता सगळं वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणते लिही.)

पोरी, भिताडाकडं तोंड करू नगंस. रांगंत म्होरच्या बाईला इचार, "किती वरसं झाली?" ती सांगंल ते ऐक. आणि बुधवारी भाकरी दोन जास्तीच्या बांधून ने.