तळ्याकाठचं गाव, आईचा गुडघा आणि ७ वर्षांचं पोरगं : 'सोपी' वाट ओळखायची कशी?

संथपावली
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात चार दिवस एका तळ्याकाठच्या गावात राहायला चाललोय. मी, नवरा, माझी आई (वय ६८, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि मुलगा, वय ७. गावाच्या पुढ्यात तळं, मागे झाडी आणि लहानशी टेकडी, आणि तळ्याच्या पलीकडे वाळूचा पट्टा ओलांडला की समुद्र. ट्रेकबिक काही करायचा नाहीये, सकाळ-संध्याकाळ दीड-दोन तास रमतगमत चालायचं एवढंच. अ‍ॅपवर बघितलं तर तळ्याची फेरी, समुद्रकाठ, जंगलातली वाट, सगळ्यांपुढे 'सोपी'च लिहिलंय. मागच्या वेळी असंच सोपी वाचून गेलो आणि शेवटचा अर्धा किलोमीटर आईला दोघांनी धरून आणावं लागलं, ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेरच पडली नाही. तर सोपी वाट ओळखायची कशी? तळं तसं छोटंच वाटतंय, फोटोत पलीकडची झाडं स्पष्ट दिसतात, पूर्ण फेरी मारावी का?

जुना_भटक्या
ताई, फेरीचा मोह पहिल्या दिवशी तरी आवरा. पाण्यापलीकडचं सगळं जवळ वाटतं. मॅपवर तळ्याची रुंदी मोजा, अगदी गोल तळं धरलं तरी फेरी तिपटीहून जास्त भरते, म्हणजे २ किमी रुंद असेल तर सव्वासहा किमी, आणि गोल तळं मी तरी अजून पाहिलेलं नाही, काठ आत-बाहेर करतच जातो त्यामुळे खरा आकडा आणखी वाढतो. वर फेरीची मुख्य गोची अशी की अर्ध्यावर आई दमली तर पुढे जा नाहीतर मागे जा, अंतर तेवढंच. त्यापेक्षा जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं पण परतताना उजेड दुसऱ्या बाजूने असतो, वाट वेगळीच दिसते.

आणि कुठल्या बाजूने जायचं ते ओढे बघून ठरवा. तळ्यात पाणी येतं बऱ्याच ठिकाणांहून, बाहेर पडतं बहुतेक एकाच जागेवरून. जिथून येतं तिथे गाळ साचतो, लव्हाळी वाढते, पाय घोट्यापर्यंत रुततो, मॅपवर तिथे पायवाट छान सलग रेघेत दाखवलेली असते हा भाग वेगळा. सांडव्याच्या बाजूला सहसा जमीन घट्ट, पूल नाहीतर बंधारा असतो. आईंना तिकडे न्या.

वेळेचं म्हणाल तर नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब दिला होता, साधारण ५ किमीला १ तास आणि ६०० मीटर चढाला आणखी १ तास. तो धडधाकट आणि न थांबणाऱ्या माणसाचा हिशोब. तुमच्याबरोबर ७ वर्षांचं पोरगं आहे, म्हणजे दर दहा पावलांवर एक दगड उचलला जाणार, दुप्पट धरा आणि घड्याळ बघू नका.

खारा_वारा
समुद्राच्या बाजूचं मी सांगतो. वाळू दिसायला सपाट, पायाला तशी अजिबात नाही. १९९८ मध्ये एक अभ्यास आला होता त्यात वाळूत चालायला घट्ट जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते असं निघालं, त्यामुळे कोरड्या भुसभुशीत वाळूतला १ किमी म्हणजे पायांच्या खात्यात दोन-अडीच. चालायचं ते नुकतंच पाणी ओसरलेल्या ओल्या घट्ट पट्ट्यावर, आणि तोही फक्त ओहोटीला मिळतो. भरतीला जो वरचा काठ उरतो तो तिरका असतो, एक पाय सतत खाली एक वर, दुखऱ्या गुडघ्याला याच्याइतकं वाईट काही नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून वेळ रोज ५० एक मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी ७ ला निघालात म्हणून चार दिवस ७ लाच निघालात तर फसलात. ओहोटीच्या शेवटच्या बिंदूच्या तास-दीड तास आधी निघा. पाणी वळल्यावर पहिल्या तासात अगदी थोडं चढतं, माणूस म्हणतो छे काही नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मी भरती अंगावर येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, त्या दिवसांत मागे कडा किंवा खडक असलेल्या छोट्या पुळणीत शिरूच नका. वेळापत्रक मात्र त्याच किनाऱ्याचं बघा, काही समुद्रांना दिवसातून एकच भरती असते, काहींना जवळपास नाहीच.

अजून एक, तो वाळूचा पट्टा. समुद्रकाठची अशी बरीच तळी वाळूच्या बांधाने अडून तयार झालेली असतात आणि तो बांध जोरदार पावसात किंवा वादळात फुटून तिथे वाहतं तोंड तयार होऊ शकतं. मॅप वर्षापूर्वीचा असला तर मॅपवर वाट आणि जागेवर कमरेइतकं पाणी असं होतं. गावात विचारूनच जा.

एक_काठी_दोन_गुडघे
माझेही गुडघे गेलेत त्यामुळे हक्काने बोलते. चढाला सगळे घाबरतात पण गुडघ्याची खरी परीक्षा उताराला. म्हणून टेकडीची वाट निवडलीच तर लांबून वळणं घेत उतरणारी निवडा, मॅपवर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की ती वाट सोडा, वर कितीही सोपी लिहिलेलं असो.

काठी घ्या. आणि उजवा गुडघा दुखतोय तर काठी डाव्या हातात! ९० टक्के लोक (हा माझा अंदाज) दुखऱ्याच बाजूला धरतात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी एवढी उंची. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. आईंना हे घरीच दोन-तीन दिवस करायला लावा, तिथे जाऊन शिकवलं तर चिडतील, मी चिडले होते.

आणि ताई, त्या काही बोलत नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. दमलीस का असं विचारू नका, आमच्या पिढीचं उत्तर ठरलेलं आहे. त्यांना पुढे ठेवा, वेग त्यांचा, बाकीचे मागे. मी तर मुद्दाम बुटाची नाडी बांधायला थांबायचे, नाडी सुटलेली नसायचीच.

सावलीत_बसलेला
जंगलाची बाजू कोणी घेतली नाही म्हणून मी. तीनपैकी मला तीच आवडते, वारा लागत नाही, ऊन लागत नाही, पायाखाली पालापाचोळ्याची गादी. पण त्या गादीखालची मुळं ओली असली की साबण, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर एक दिवस जाऊ द्या. जोराचं वारं होऊन गेलं असेल तर वर अडकलेल्या मोडक्या फांद्यांखाली थांबू नका. फोनवर मॅप आधीच उतरवून ठेवा, दाट झाडीत लोकेशन इकडेतिकडे उड्या मारतं.

अंधार झाडीत लवकर होतो. उजेड किती उरलाय बघायला हात लांब करून सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये किती बोटं मावतात ते मोजा, एका बोटाला १५ मिनिटं.

घरी आल्यावर मुलाचे गुडघ्यांमागचे भाग, काखा, कानामागे गोचीड बघा, उंच गवतातून येतात. निघाली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-काडी-जाळणं काही नाही.

जुना_भटक्या
बोटांचा हिशोब सगळीकडे चालत नाही हो सावलीतले. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिथे बोटाला १५ मिनिटं धरलीत तर निम्म्या वाटेवर काळोख, आणि संधिप्रकाशही तिथे छोटा. वर उत्तरेकडे तिरका उतरतो म्हणून जमून जातं. टॉर्च घ्या, बोटं राहू द्या.

सावलीत_बसलेला
मान्य. म्हणजे मी आजवर वाचलो ते नशिबाने.

संथपावली
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, प्रिंट काढून ठेवते! ठरवलं ते असं, पहिल्या दिवशी सांडव्याच्या बाजूने ४० मिनिटं जायचं आणि जिथे असू तिथून वळायचं. समुद्र ओहोटी बघून, टेकडी फक्त नवरा आणि मुलगा. काठीचं आईला सांगितलं तर म्हणाली मी काय म्हातारी आहे का, मग एक काठी मुलालाही आणली तेव्हा कुठे घेतली. एकच राहिलं, मुलगा तळ्यात पाय बुडवल्याशिवाय ऐकणार नाही, चालेल का?

खारा_वारा
पाणी नितळ असेल तर घोट्यापर्यंत काय हरकत आहे. पण उकाडा आणि वारा पडलेला असताना काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर हातसुद्धा लावू देऊ नका, काही निळ्या-हिरव्या शेवाळांत विष असतं आणि पाणी उकळून ते जात नाही. अशा वेळी वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तवंग गोळा होतो, समोरच्या काठाला कदाचित काहीच नसेल. आणि टॉवेल त्याच्या नाही, तुमच्या पिशवीत ठेवा.

एक_काठी_दोन_गुडघे
दोन काठ्या आणल्यात हे बेस्ट केलंत. फक्त मुलाची काठी दुसऱ्या दिवशी तलवार होईल, तेव्हा आईंच्या मागे त्याला चालवू नका.