लॅब्राडोर कुत्र्याच्या मागच्या पायांसाठी ॲक्युपंक्चर करावं का? (इंदूर)

राजेंद्रनगरकर
लॅब, नर, 11 वर्षं, 38 किलो. एक्स-रेत दोन्ही खुब्यांची झीज आलीय. मेलोक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) दोन महिने चालू आहे, तरी सकाळी मागचा भाग उचलता उचलत नाही. माणसांचं ॲक्युपंक्चर करणारे एक जण घरी येऊन सुया लावायला तयार आहेत. लावून घ्याव्यात का? किती वेळा? औषध बंद करता येईल?

सुईदोरा
आधी दुखणं सांध्याचं की नसेचं ते ठरवा. खुबा झिजलेला दिसला म्हणजे त्रास तिथूनच आहे असं नाही. म्हाताऱ्या लॅबची नस कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशीही दाबली जाते. तो उभा असताना पोटाखालून हात द्या आणि मागचा पंजा उलटा करून वरची बाजू फरशीला टेकवा. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. तसाच ठेवला, किंवा मधल्या दोन नखांचा वरचा भाग घासलेला असला, तर प्रकरण मज्जातंतूचं आहे. पाय एकाएकी लुळे पडले किंवा लघवी अडली तर सुयांचं नावच नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सांध्याचंच असेल तर करून बघायला हरकत नाही. सुई 0.25 ते 0.30 मिमी जाडीची, निर्जंतुक, एकदा वापरून टाकायची. खुब्याजवळ 25 ते 40 मिमी लांबीची लागते. बैठक 15-20 मिनिटांची, आठवड्यातून एकदा. चार ते सहा बैठकांत फरक नाही दिसला तर सोडून द्या, पुढचे पैसे वाया. पुरावा भक्कम नाही हेही सांगतो: 2006 साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ठाम शिफारस करावी इतकं काही हाती लागलं नव्हतं.

महूरोड
त्या घरी येणाऱ्या भल्या माणसाला नम्रपणे नाही म्हणा. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच करायचे. शिवाय शरीर वेगळं. माणसाला कमरेचे मणके पाच, कुत्र्याला सात. बरगड्यांच्या जोड्या बारा आणि तेरा. ‘बायहुई’ हा सुई लावायचा बिंदू माणसात टाळूवर, कुत्र्यात कमरेचा शेवटचा मणका आणि त्यामागचं त्रिकास्थी हाड यांच्या मधल्या खाचेत! छातीवर सुई सरळ खुपसली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, म्हणून तिथे ती तिरकी जाते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घ्या. ॲक्युपंक्चर होतं का ते निघण्याआधी फोनवर विचारा.

शेव_कमी
सुयांआधी रक्त तपासा. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास, त्यात प्लेटलेट घसरतात आणि बारीक सुईनेही रक्त साकळतं. जाण्याच्या दोन तास आधी थोडंसं खाऊ घाला. उपाशी किंवा तुडुंब पोटी नको. सुया लावताना आणि काढताना मोजून घ्या. कुत्रा वळून सुई चाटतो, क्वचित गिळतोही. मग एक्स-रे, प्रसंगी एंडोस्कोपी.

आणि वजन! 38 किलोंतले सव्वादोन-अडीच गेले तरी लंगडणं कमी झालेलं दिसतं. ग्लुकोज बिस्किट साधारण 25 कॅलरींचं. दिवसाला चार दिलीत तर शंभर. सकाळच्या पोह्यांवरची शेव तर मोजायलाच नको, भिया. गुळगुळीत टाइल्सवर रबरी चटया टाका, नखं आणि पंजातले केस कापा. पाय घसरत राहिला तर सुयांनी मिळालेला आराम दोन दिवसही टिकणार नाही.

राजेंद्रनगरकर
पंजा लगेच सरळ करतो. औषधाचं राहिलं. आणि फरक पडला हे कळणार कसं? घरात प्रत्येकाचं मत वेगळं.

सुईदोरा
औषध तुमचं तुम्ही बंद करू नका. दुखणं उतरलं की डॉक्टर मात्रा कमी करतील. तोवर मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या करा, आणि मेलोक्सिकॅमसोबत स्टेरॉइड कुणी दिलं तर घालू नका.

मोजायला मोबाइल पुरे. पहिल्या बैठकीआधी दोन व्हिडिओ: अंथरुणावरून उठताना, आणि चालताना मागून पंधरा सेकंद. जागा तीच, वेळ तीच. पुढचे व्हिडिओ सुया लावल्याच्या दुसऱ्या दिवशी काढू नका, तेव्हा तो झोपाळलेला असतो किंवा उलट जरा जास्त दुखतं. पुढच्या बैठकीच्या दिवशी, निघण्याआधी सकाळी काढा. आणि ज्याने खर्च केलाय त्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी, तारखा न सांगता दाखवा.