उत्तर: मारिओतलं 'उणे एक' जग

मारिओ या व्हिडिओ गेममधलं 'उणे एक' (-१) हे जग निन्टेन्डो कंपनीने मुद्दाम लपवलं होतं, असं काहींचं म्हणणं असतं. नाही हो, ती गेमच्या प्रोग्राममधली चूक आहे! १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये १-२ च्या (पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या) शेवटी पाइपवरची भिंतीलगतची वीट शाबूत ठेवायची आणि पाठमोरी उडी मारायची. जमलं तर मारिओ सरळ भिंतीतून सरकतो. पलीकडचे पाइप दुसऱ्या जगात नेतात, पण कुठल्या ते अजून ठरलेलं नसतं, त्यामुळे गेम ३६ क्रमांकाचं जग उघडतो. गेम जगाचा आकडा छोट्या चित्राने दाखवतो, आणि ३६ नंबरचं चित्र म्हणजे रिकामा चौकोन. म्हणून पडद्यावर आकडा दिसतच नाही, '३६-१' ऐवजी नुसतं '-१' उरतं.

आम्ही हे नागपुरात इतवारीतल्या मोठ्या वाड्यात मे महिन्यात केलं होतं. कूलरचा पंप बंद, घाम गळतोय, आणि मोठा दादा ओरडतोय, "थांब बे, पुढे जाऊ नको, पाइप इथंच आहे!" पोहोचलो तर पाणीच पाणी. शेवटच्या पाइपात शिरलं की पुन्हा सुरुवातीला. टाइम संपेस्तोवर पोहत बसलो. सीताबर्डीवरून आणलेली डुप्लिकेट कॅसेट आहे म्हणूनच असं होतंय, असा आमचा पक्का समज. बिचाऱ्या दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या.

आणि या गेममधल्या ढग-झुडपांचंही सांगतो: चित्र एकच, फक्त रंग बदललेला. सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये कोंबलाय, दुसरं झुडूप काढायला जागा कुठली!