मदत हवी आहे: खोल समुद्रातला ‘ब्लॅक कॉड’ भिवंडीच्या गाळ्यात वाढेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही वर्सोव्याचे. दिरांचं पेणजवळ जिताड्याचं तळं आहे, बरं चाललंय. आता त्यांना एका कंपनीने भिवंडीत गाळा घेऊन बंदिस्त टाक्यांमध्ये ‘ब्लॅक कॉड’ वाढवायची योजना दाखवलीय. मोठी हॉटेलं माल उचलतील म्हणे. दीर हरखलेत. पैसे घालण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा.

हा मासा म्हणजे सेबलफिश. राहणारा उत्तर पॅसिफिकचा, जपानपासून अलास्का-कॅलिफोर्नियापर्यंत. मोठे मासे ३०० मीटरपासून हजार मीटरच्याही खाली सापडतात. आपल्या बॉम्बे हायला, किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, पाणी ७५ मीटरच्या आसपास. यावरून अंदाज घ्या. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याला तो पिंजऱ्यात वाढवतात, म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही. पिल्लं निसर्गातही वरच्या पाण्यात झपाट्याने वाढतात आणि मग खोल उतरतात. शेती त्याच वयावर चालते.

मला खटकतंय ते माहितीपत्रकातलं एक वाक्य: ‘या माशाला वायुकोश नसल्याने दाबाचा त्रास नाही, त्यामुळे तो टाकीत आनंदी राहतो.’ वायुकोश म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, आपलं बोत. ज्या बोतासाठी घोळीला सोन्याचा भाव येतो, ते या माशाला नसतंच, हे खरं. म्हणून खोलातून वर ओढला तरी तो जगतो. पण जगला म्हणजे मजेत आहे, हे कुठून काढलं? नव्वदी गाठू शकणारा मासा, मोठेपणी काळोखात शेकडो मीटर खाली फिरणारा. त्याला ट्यूबलाइटखाली गोल टाकीत किती दाटीने ठेवायचं, याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही. पिल्लं एकमेकांना खातात, तेही नाही.

माझे प्रश्न: दाटी आणि उजेड किती ठेवतात? बीज कुठून आणणार? परदेशी जात आणायची तर केंद्राची परवानगी लागते ना? आणि मासा मारतात कसा? आमच्याकडे जिताडा सरळ बर्फात जातो.

खाडीकाठचा: ताई, आधी चिलरचं, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचं, बिल काढा. अंडी पाच-सहा अंशांत, अंधारात ठेवावी लागतात. वाढीलाही थंडच पाणी हवं. भिवंडीत मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते दिरांना वेगळं सांगायला नको. जनरेटर दाखवलाय का योजनेत?

मासळीवाला मास्तर: बर्फाचं बरं विचारलंत. थंड पाण्यातला मासा बर्फात लवकर बेशुद्ध होत नाही, तडफडत राहतो. नॉर्वेत सामनला आधी डोक्यात ठोका किंवा विजेचा झटका देऊन बेशुद्ध करतात. ते यंत्र खर्चात धरलंय का विचारा. शिवाय माद्या जास्त वाढतात, म्हणून शेतीला माद्यांचंच बीज पसंत करतात. ते देणार का, हेही. दिरांना समुद्री मासाच हवा असेल तर कोबिया बघा. सीएमएफआरआयने (केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) २०१० मध्ये तमिळनाडूत मंडपमला त्याची पैदास करून दाखवली, आणि त्याला आपलं कोमट पाणी चालतं.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. बीजाचं आजच फोनवर विचारलं. ‘बुकिंग रक्कम भरा, मग सांगू’ असं उत्तर आलं. रक्कम थांबवलीय. कोबियाचे पिंजरे रायगडकडे कोणी लावलेत का? दीर रविवारी बघायला येतील.