ओबामा, हिलरी आणि आपल्या वॉर्डातलं तिकीट

रंकाळाकर: भावांनो, २००८ च्या अमेरिकेतल्या प्रायमरीवरनं, म्हंजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीवरनं, काल कट्ट्यावर वाद झाला. ओबामा नुसता भाषणावर जिंकला काय? अनुभव तर हिलरीकडं होता की.

शाहूपुरीवाला: नुसतं भाषण नव्हं रे, २००२ ला इराक युद्धाच्या ठरावाला हिलरीनं सिनेटमध्ये होय म्हटलं आणि हा त्याच महिन्यात शिकागोत उघड विरोधात बोलला, मग मुद्दाच होता की तो.

रंकाळाकर: पण त्याला मत द्यायची पाळीच आली नव्हती, तो तवा इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात.

पेठेतली ताई: तिथं निदान मतदार निवडतात, आपल्याकडं तिकीट वरनं येतंय. २०१९ च्या पुरात पंचगंगा दारात आली तवा कोण धावून आलं ते मी बघते, फ्लेक्सवरचा फोटो न्हाई.