शब्दचर्चा : अभिक्रियेची ‘कोटी’ म्हणावे की ‘क्रम’?

प्रश्न (रामबाग, इंदूर) : माझा पुतण्या इथे हिंदी माध्यमातून बी.एस्सी. करतो आहे. रसायनशास्त्राची टिपणे आम्ही दोघे मिळून मराठीत उतरवत आहोत. ठरावीक वेळाने मोजलेल्या संहतींवरून (ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे, त्यावरून) अभिक्रियेची जी संख्या काढतात, तिला त्याच्या पुस्तकात ‘कोटि’ म्हटले आहे. मराठीत ‘कोटी’ म्हटले की शंभर लाख किंवा शब्दावरची कोटीच आधी आठवते. तेव्हा ‘क्रम’ लिहिलेला बरा नाही का?

उत्तर : ताई, ‘कोटी’च लिहावे. अभिक्रिया ज्या पायऱ्यांनी घडते, त्यांच्या मागेपुढे असण्याला ‘क्रम’ हा शब्द आपल्याला लागतोच, आणि एकाच प्रकरणात तो दोन अर्थांनी आला तर विद्यार्थी हमखास गोंधळतो. अभिक्रियेचा वेग संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तो घातांक म्हणजे कोटी. तो समीकरणातले सहगुणक पाहून सांगता येत नाही, मोजलेल्या आकड्यांतूनच काढावा लागतो.

समजा, एका पदार्थाची संहती दर लिटरला 0.80 मोल होती, ती 20 मिनिटांनी 0.40 झाली आणि 40 मिनिटांनी 0.20. दोन्ही वेळा निम्मे व्हायला सारखाच वेळ लागला, म्हणजे अर्धायुकाल संहतीवर अवलंबून नाही. ही प्रथम कोटीची खूण आहे, आणि 0.693 ला (2 च्या नैसर्गिक लॉगरिथमला) 20 ने भागले की वेग-स्थिरांक, म्हणजे वेग आणि संहती यांना जोडणारा स्थिर आकडा, मिनिटाला सुमारे 0.035 येतो. तीच संहती 0.40 वरून 0.20 वर यायला आणखी 20 ऐवजी 40 मिनिटे लागली असती, तर कोटी दोन ठरली असती, आणि 10 मिनिटांतच आली असती, तर शून्य. मात्र प्रत्यक्ष वाचने इतकी सोयीची नसतात. म्हणून आलेख काढावेत : वेळेसमोर संहती मांडून सरळ रेषा आली तर शून्य कोटी, संहतीचा लॉगरिथम मांडून आली तर प्रथम, संहतीचा व्यस्त (1 भागिले संहती) मांडून आली तर द्वितीय. अभिक्रिया पुरेशी पुढे जाईपर्यंत वाचने घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण सुरुवातीच्या थोड्याशा भागात तिन्ही आलेख जवळजवळ सरळच दिसतात आणि घाईने काढलेली कोटी चुकते.

दुसरे उत्तर : हिंदी पुस्तकावरून टिपणे करताना याहून मोठा धोका ‘अणू’ या शब्दात आहे. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे हिंदीतला ‘परमाणु’. त्यामुळे तिकडची ‘आण्विकता’ जशीच्या तशी उचलू नये. मी ‘रेण्वीयता’ लिहितो. एका मूलभूत पायरीत किती रेणू, अणू किंवा आयन एकत्र येतात, ती ही संख्या असून ती नेहमी पूर्णांकच असते. कोटीवर असे बंधन नाही : ॲसिटाल्डिहाइडच्या उष्णतेने होणाऱ्या विघटनाची कोटी सुमारे दीड येते.

प्रश्नकर्ती : मग मिथाइल ॲसिटेट या एस्टरवर पाण्याची अभिक्रिया होऊन ॲसिटिक आम्ल तयार होते, त्या प्रयोगाबद्दल काय लिहावे? समीकरणात एस्टर आणि पाणी असे दोन रेणू आहेत, पण पुस्तक कोटी एकच सांगते.

उत्तर : तिथे ‘आभासी प्रथम कोटी’ लिहावे. पाणी इतके विपुल असते की त्याची संहती जवळजवळ तशीच राहते, आणि वेग फक्त एस्टरच्या संहतीबरोबर बदलताना दिसतो. या प्रयोगात संहती थेट मोजतही नाहीत. ठरावीक वेळाने पिपेटने थोडे मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात सोडतात, म्हणजे अभिक्रिया मंदावते, आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. ॲसिटिक आम्ल वाढत जाते, तसे ब्युरेटचे वाचनही वाढते. अखेरच्या वाचनातून त्या वेळचे वाचन वजा केले, की उरलेल्या एस्टरच्या प्रमाणात असलेली संख्या मिळते. टिपणात या वजाबाकीला स्वतंत्र स्तंभ ठेवावा आणि त्यावर ‘संहती’ न लिहिता ‘संहतीच्या प्रमाणातील फरक’ असे लिहावे. प्रथम कोटीचा स्थिरांक काढायला एवढे पुरते, कारण तिथे गुणोत्तरच लागते. द्वितीय कोटीला खरी संहती काढावीच लागते.

तिसरे उत्तर : व्याकरणापुरते सांगतो. ‘कोटी’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘अभिक्रियेची कोटी’ आणि ‘प्रथम कोटीची अभिक्रिया’ असे लिहावे. ‘समीकरणावरून कोटी दोन आहे’ असे न लिहिता ‘या वाचनांवरून कोटी दोन ठरते’ असे लिहावे.